कागदाचे पक्षी आणि आपली मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या एखाद्या विदुषींना बोलावण्याचा आपला प्रघात आहे. यंदा मंडळातल्याच एका बाईने बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि माझे नाव पुढे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. भाषण करण्याची मला सवय नाही. म्हणून चिटणीसबाईंना मी विचारले, "मी बोलू तरी कशावर?" त्या म्हणाल्या, "शनिवारी तुम्ही मुलांना जे शिकवता, त्यावरच बोला." तेव्हा कागदाच्या घड्यांविषयी चार शब्द आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपल्या मंडळात शनिवारी दुपारी मुलांचा तास भरतो, हे आपणां सर्वांना माहीत आहे. मुले सतरंजीवर बसतात, कागदाच्या होड्या, टोप्या, पेले आणि पक्षी करतात. काही भगिनींनी मला मोकळेपणाने विचारले की, "अहो, यात मुलांचे काय भले होणार? त्यापेक्षा पाढे घ्या, नाहीतर श्लोक घ्या." विचारणे योग्यच आहे. मंडळाची जागा, मंडळाचा वेळ खर्ची पडतो, तर त्याचा हिशेब दिला पाहिजे. आजचे माझे भाषण म्हणजे तो हिशेबच आहे असे समजा.

कागदाच्या पक्ष्याचा विषय निघाला की जपानमधल्या एका मुलीची गोष्ट सांगावीच लागते. तिचे नाव सादाको सासाकी. १९४५ सालच्या ऑगस्टच्या ६ तारखेला सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमा शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा ती अवघी अडीच वर्षांची होती. तिचे घर बाँब पडला त्या जागेपासून पाऊण कोसाच्याही आत. तरी ती वाचली, अंगावर जखमसुद्धा नव्हती. मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. धावण्यात इतकी चपळ की वर्गाच्या शर्यतीत तिला हमखास घेत. आणि १९५४ च्या अखेरीस तिच्या मानेवर गाठी आल्या, पुढे पायांवर जांभळे डाग उठले. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिला रेडक्रॉसच्या इस्पितळात ठेवले. रक्ताचा कर्करोग होता. बाँब पडून जवळजवळ दहा वर्षे झाल्यावर त्याने या पोरीला गाठले.

त्या इस्पितळातल्या रोग्यांसाठी नागोया शहरातल्या विद्यार्थ्यांनी रंगीत कागदाचे क्रौंच पक्षी करून पाठविले होते. जपानात क्रौंच पक्ष्याला हजार वर्षांचे आयुष्य असते असे मानतात, आणि जो कोणी हजार कागदी क्रौंच करील त्याची इच्छा पुरी होते अशी तिकडे समजूत आहे. सादाकोने ते पाहिले आणि स्वतः पक्षी करावयास घेतले. मिळेल तो कागद ती घेई. औषधाच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंच्या वेष्टनांचे कागद, काही चालत असे. कागद लहान असला तर पक्षी इवलासा होई.

आता गोष्ट इथे दोन प्रकारे सांगतात. १९७७ साली एलेनॉर कोअर या बाईंनी इंग्रजीत मुलांसाठी पुस्तक लिहिले. त्यात असे आहे की सादाकोचे ६४४ पक्षी झाले आणि ती गेली. उरलेले मैत्रिणींनी पुरे केले. जगभर हीच गोष्ट पसरली. मीही आधी तीच ऐकली होती. परंतु तिच्या घरची माणसे आणि हिरोशिमाचे स्मृतिसंग्रहालय वेगळे सांगतात. ऑगस्ट संपण्याच्या सुमारासच तिचे हजार पक्षी पुरे झाले होते. हजार झाले, आणि आजार हटला नाही. मग तिने काय केले? तिने पुढचे पक्षी करावयास घेतले. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी, ती गेली.

भगिनींनो, मला ही खरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड वाटते, आणि अधिक मोलाचीही वाटते. पहिल्या गोष्टीत मन म्हणते, "अरेरे, थोडे राहिले, पुरे झाले असते तर वाचली असती." खऱ्या गोष्टीत तशी सोय नाही. पोरीने नेम पुरा केला आणि फळ मिळाले नाही. आपल्यापैकी कितीजणींनी लाख वाती वळल्या आहेत, सोळा सोमवार केले आहेत! नवऱ्याच्या दुखण्यासाठी, मुलाच्या नोकरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी. कधी मागितलेले मिळाले, कधी नाही. ज्या घरी मिळाले नाही त्या घरच्या बाईने दुसऱ्या दिवशी देवापुढे वात लावली नाही असे झाले का? लावलीच. हात पुन्हा कापसाकडे गेला. त्या मुलीचा हात पुन्हा कागदाकडे गेला, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

तिच्या पश्चात तिच्या वर्गातल्या मुलांनी ठरविले की बाँबने मारलेल्या सर्व मुलांचे एक स्मारक झाले पाहिजे. त्यांनी पत्रके वाटली, वर्गणी मागितली. तीन हजारांवर शाळांतून आणि इतर नऊ देशांतून मुलांनी पैसे पाठविले. ५ मे १९५८ रोजी, म्हणजे जपानच्या बालदिनी, ते स्मारक उघडले. सुमारे तीस फूट उंच आहे. वर एक मुलगी दोन्ही हात उंचावून मोठा क्रौंच धरून उभी आहे. दरवर्षी तिथे जगातून सुमारे एक कोटी कागदी पक्षी येतात. हे काम बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी आरंभले होते हे ध्यानात घ्यावे.

क्रौंच पक्षी आपणांस परका नाही. आपण पंचवटीत राहणारी माणसे. रामायणाची सुरुवातच मुळी एका क्रौंचापासून आहे. जोडीतला एक पक्षी व्याधाने मारला, मागे राहिलेलीचा आकांत ऐकून वाल्मीकींच्या तोंडून श्लोक निघाला. मारलेल्या पक्ष्याच्या दुःखातून काव्य झाले आणि मारलेल्या मुलीच्या दुःखातून कागदाचा पक्षी जगभर गेला. दोन्ही एकाच जातीची गोष्ट आहे. शिवाय खरे क्रौंच पाहावयाचे तर फार लांब जावयास नको. आपल्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे, नांदूरमध्यमेश्वरला थंडीत दूरदेशचे पक्षी उतरतात, त्यांत क्रौंचही असतात. २०२० साली त्या जागेला रामसर क्षेत्राचा मान मिळाला, महाराष्ट्रातले ते पहिले. मुलांची सहल तिकडे न्यावी असे माझ्या मनात आहे.

आता मुलांकडे वळते. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष झाला, ते चार दिवस आठवा. घरोघरी टीव्ही लागलेले, सायरनची चर्चा, दिवे मालवण्याची चर्चा. त्या शनिवारी मुले आली ती गप्प होती. पक्षी करता करता माझी धाकटी, पाचवीतली, म्हणाली, "आई, आपण सगळ्यांनी मिळून हजार केले तर लढाई थांबेल का?" सगळ्या मुलांनी माझ्याकडे पाहिले. "हो, थांबेल" म्हणणे सोपे होते. मी म्हटले, "नाही बाळ, कागदाच्या पक्ष्यांनी लढाई थांबत नाही." तेवढ्यात दुसरा एक मुलगा बोलला. त्याचे वडील देवळालीला तोफखान्यात आहेत. तो म्हणाला, "काकू, मग माझे बाबा तोफा चालवतात, ते वाईट काम करतात का?"

हा प्रश्न कुठल्याही गावी कठीणच, परंतु आपल्या नाशिकात जास्त कठीण. देवळालीला तोफखान्याची मोठी शाळा आहे. सराव चालू असला की तोफांचा आवाज किती दूरवर येतो हे सांगावयास नको. ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आहे, १९६४ साली तो मिग विमाने बनविण्यासाठी उभारला. या दोन्ही ठिकाणच्या मिठाभाकरीवर आपल्यातली कितीतरी घरे उभी आहेत. बाँब आपल्या देशापाशीही आहे. १९७४ साली आणि १९९८ साली पोखरणला चाचण्या झाल्या. आज जगात नऊ देशांपाशी मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत असे जाणकार सांगतात. तेव्हा जपानच्या मुलीची गोष्ट सांगून डोळे पुसले आणि झाले, असे आपल्याला करता येणार नाही.

मी त्या मुलाला म्हटले, "तुझे बाबा वाईट काम करीत नाहीत. घराला कडी लागते म्हणून आपण कडी लावतो. पण कडी लावणाऱ्याला चोर यावा असे वाटते का? तुझे बाबा घरी सुखरूप यावेत असे तुला वाटते ना? सीमेपलीकडच्या मुलालाही त्याच्या बाबांविषयी तसेच वाटते. एवढे ज्याला कळले तो चांगला शिपाई होतो आणि चांगला माणूसही होतो." मुलाचे समाधान झाले की नाही ते मला सांगता येत नाही. पण त्याने त्या दिवशी दोन पक्षी केले, एक बाबांचा आणि एक त्या पलीकडच्या मुलाच्या बाबांचा. मी काही सुचविले नव्हते.

धाकटीचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. पक्ष्यांनी लढाई थांबत नाही, तर मग आपण मुलांना कशाची आशा दाखवतो? आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचे, तिथे मी जाते. आणि थोरला मुलगा इंग्रजीतले वाचून सांगतो. असे शोधता शोधता मला एक हकीकत सापडली, ती बायकांच्या सभेत अवश्य सांगण्यासारखी आहे.

१९५० नंतरच्या वर्षांत अमेरिका आणि रशिया उघड्यावर बाँबच्या चाचण्या करीत. त्याची धूळ वाऱ्याने दूरदूर जाई आणि पावसाबरोबर गवतावर पडे. गवत गायीच्या पोटात, तिचे दूध मुलांच्या पोटात. त्या धुळीत स्ट्रॉन्शियम नावाचे विषारी द्रव्य असते, ते चुन्यासारखेच हाडांत आणि दातांत जाऊन बसते. सरकारी माणसे म्हणत, घाबरण्यासारखे काही नाही. तेव्हा अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात १९५८ साली डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि घरोघरच्या बायका यांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यास सुरुवात केली. डॉ. लुईझ राइस या बाई त्या कामाच्या प्रमुख होत्या. आपल्याकडे पडलेला दात कौलावर टाकतात, तिकडे उशीखाली ठेवतात. त्या आयांनी तो पाकिटात घालून पाठविला. सगळे मिळून सुमारे तीन लाख दात जमले. तपासणीत दिसले की, चाचण्या वाढल्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते विष पूर्वीच्या मुलांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. १ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेच्या गावोगावी हजारो बायका घरकाम टाकून रस्त्यावर आल्या. आणि १९६३ साली अमेरिका, रशिया व ब्रिटन यांनी हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या चाचण्या बंद करण्याचा करार केला. करार मोठमोठ्या मुत्सद्द्यांनी केला हे खरे, परंतु त्यांच्यामागे जो रेटा लागला त्यात मुलांच्या दातांचा वाटा होता. पुढच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते विष कमी होत गेले.

हे मी मुलांना सांगितले. म्हटले, "पक्षी केल्याने लढाई थांबत नाही. पण एक दात, एक पत्र, एक पक्षी असे करणारी माणसे एकत्र आली, त्यांनी मोजले, लिहिले, विचारले आणि कंटाळली नाहीत, तर मोठ्यांना ऐकावे लागते." १९४९ साली टोकियोच्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहून हत्ती मागितला, कारण युद्धात त्यांच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती गेले होते. नेहरूंनी खराखुरा हत्ती पाठविला, नाव इंदिरा. तेही कागदाच्या घडीनेच झाले म्हणावयाचे. आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या संघाला २०२४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा बाँब पडून एकोणऐंशी वर्षे झाली होती. इतकी वर्षे ती माणसे आपली कहाणी सांगत राहिली.

आता शिक्षणाच्या बाजूने दोन शब्द. जर्मनीत फ्रोबेल नावाचे मोठे शिक्षक होऊन गेले. १८३७ साली त्यांनी लहान मुलांची शाळा काढली, तिलाच पुढे बालोद्यान म्हणू लागले. त्यांनी कागदाच्या घड्यांना मुलांच्या शिक्षणात मानाची जागा दिली. त्यावरून मद्रासच्या टी. सुंदर राव या गृहस्थांना सुचले की, नुसत्या घड्या घालून भूमिती शिकविता येते. १८९३ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ते परदेशातही गाजले. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. त्यांनी विकतच्या खेळण्यांची वाट पाहिली नाही, पाने, बिया, शिंपले असे हाताशी असेल त्यावर शिकविले. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी तर टाकाऊ कागद, काड्या यांपासून शेकडो खेळणी करून दाखविली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, म्हणजे कोणाला घरी करावयाचे झाल्यास उपयोगी पडेल. कागद चौरस लागतो. लांबट कागदाचा एक कोपरा समोरच्या कडेवर आणावा, तिरपी घडी घालावी आणि उरलेली पट्टी कापून टाकावी. पट्टी कापली की चौरस तयार, मोजपट्टी लागत नाही. वर्तमानपत्राचा कागद फार मऊ, तो फाटतो. लग्नपत्रिकेचा जाड, तो घडीवर तुटतो. मासिकांची पाने आणि वह्यांचे पाठकोरे कागद चांगले. पाच वर्षांच्या मुलाला टोपी आणि होडी द्यावी. सात वर्षांच्याला पेला द्यावा, त्यात पाणी ओतून पिता येते आणि मुलाला फार आनंद होतो. क्रौंच नऊ-दहा वर्षांच्या आधी देऊ नये, त्यात वीसच्या वर घड्या आहेत. प्रत्येक घडी नखाने दाबली पाहिजे. पहिल्या घडीत सुताएवढा फरक पडला तर शेवटी चोचीत बोटाएवढा वाकडेपणा येतो. हे मुलांना सांगावे लागत नाही, पक्षीच सांगतो. आणि घडी चुकली तर कागद उलगडून पुन्हा घालता येते. रागावणाऱ्या, चटकन रडणाऱ्या मुलांना या गोष्टीचा फार उपयोग होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरेही एक पाहिले. सतरंजीवर बसणारी मुले सगळ्या घरची आहेत. बंगल्यातली आहेत, आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांची आहेत, निरनिराळ्या जातींची आणि धर्मांची आहेत. ज्याला घडी येते तो शेजारच्याला दाखवतो, आणि दाखविताना त्याचा हात हातात धरावाच लागतो. याच शहरात १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना काळारामाच्या देवळाच्या दारी सत्याग्रह आरंभावा लागला, आणि तो पाच वर्षे चालला. त्या शहरात सगळी मुले एका सतरंजीवर हातात हात धरून पक्षी करतात, याला मी लहान गोष्ट मानीत नाही. चांगले जग म्हणतात ते काही एकदम आभाळातून उतरणार नाही. मुलांना एकमेकांशेजारी बसण्याची सवय लागली तर त्याचा पाया पडेल, एवढे मला माझ्या सातवीच्या शिक्षणावर कळते.

तेव्हा भगिनींनो, माझी मंडळाला तीन बाबतींत विनंती आहे. पहिली, शनिवारचा तास चालू ठेवावा आणि आणखी दोघीतिघींनी त्यासाठी पुढे यावे; शिकविण्यास मी तयार आहे. दुसरी, महिन्यातून एकदा जवळच्या अंगणवाडीत जाऊन तिथल्या मुलांनाही शिकवावे. तिसरी, दरवर्षी ६ ऑगस्टला मुलांनी केलेले पक्षी दोऱ्यात ओवून मंडळाच्या दारावर तोरण बांधावे, आणि त्या दिवशी मुलांना ही गोष्ट खरी सांगावी. हजार झाले, तरी ती गेली, हेही सांगावे. तिच्या वर्गातल्या मुलांनी पुढे काय केले तेही सांगावे. खर्च काही नाही. रद्दी प्रत्येकीच्या घरी आहे, वेळ मात्र द्यावा लागेल.